विदर्भातील वावरे आणि हायपरस्पेक्ट्रल उपग्रह : आमच्या शेतकरी कंपनीने या प्रतिमा विकत घ्याव्यात का?

दारव्हा_कोरडवाहू (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. आमचे चारशेच्या आसपास सभासद आहेत. बहुतेकांची वावरे दोन ते पाच एकरांची व कोरडवाहू असून पीक म्हणजे पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन आणि तूर. दिवाळीनंतर एका खासगी कंपनीचे प्रतिनिधी आमच्या गोदामात आले होते. सोयाबीनची मोजणी सुरू असल्यामुळे टेबल रिकामे नव्हते, तेव्हा त्यांनी वजनकाट्याशेजारच्या पोत्यांच्या थप्पीवरच लॅपटॉप ठेवला आणि आमच्याच शिवाराचा रंगीत नकाशा उघडून दाखवला. ही ‘हायपरस्पेक्ट्रल’ उपग्रहाची प्रतिमा आहे, हिच्यातून सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग डोळ्यांना दिसण्याच्या आठ दिवस आधी कळतो, गुलाबी बोंडअळी कळते, नत्राची कमतरता, जमिनीतील सेंद्रिय कर्ब आणि खारेपणाही कळतो, असे त्यांनी सांगितले. एकरी दर ठरवून पुढील खरिपापासून सेवा सुरू करण्याचा त्यांचा प्रस्ताव आहे. त्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण अद्याप व्यवहार झालेला नाही आणि मला कोणाची बदनामी करायची नाही.

त्यानंतर मी जे वाचले, त्यावरून हे क्षेत्र हवेतले नाही एवढे कळले. बेंगळुरूच्या पिक्सेल या कंपनीची स्थापना अवैस अहमद आणि क्षितिज खंडेलवाल यांनी २०१९ मध्ये, पिलानीच्या बिट्समध्ये शिकत असतानाच केली. तिने ‘शकुंतला’ आणि ‘आनंद’ हे दोन प्रायोगिक उपग्रह २०२२ मध्ये पाठवले आणि २०२५ मध्ये जानेवारीत तीन व ऑगस्टमध्ये तीन असे सहा ‘फायरफ्लाय’ उपग्रह कक्षेत नेले. अमेरिकेच्या प्लॅनेट कंपनीचा ‘टॅनेजर-१’ ऑगस्ट २०२४ मध्ये गेला. कॅनडाच्या वायव्हर्नचे ‘ड्रॅगनेट’ उपग्रह २०२३ पासून आहेत, फिनलंडची कुवा स्पेस आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोची ऑर्बिटल साइडकिक तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्याचे काम करते. म्हणजे उपग्रह आहेत, कंपन्याही आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की आमच्या तीन एकरांच्या वावरात, धुऱ्यावर उभे राहून मला जे दिसत नाही, असे काही त्यांना खरोखर दिसते का, आणि दिसत असेल तर त्यासाठी सभासदांच्या खिशातून पैसे काढणे योग्य ठरेल का.

वर्णपट

मी नागपूरला एका संस्थेत काही वर्षे दूरसंवेदनाचे काम केले आहे. आता निवृत्त असल्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करतो. साधा कॅमेरा प्रकाशाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन वाटे करतो. नेहमीचे शेतीविषयक उपग्रह पाच ते तेरा वाटे करतात. हायपरस्पेक्ट्रल यंत्र त्याच प्रकाशाचे शंभराहून अधिक, पाच-दहा नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याचे माप) रुंदीचे आणि एकमेकांना लागून असलेले पट्टे करते, त्यामुळे प्रत्येक चौकटीसाठी, म्हणजे प्रतिमेच्या सर्वांत लहान तुकड्यासाठी, तुटक आकड्यांऐवजी एक सलग रेषा मिळते. हिरव्या पानातील हरितद्रव्य ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश शोषते आणि पुढे ७५० पर्यंत परावर्तन एकदम चढते. पीक तणावाखाली आले की हा चढ किंचित डावीकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकतो. ही सरक इतकी थोडी असते की रुंद पट्ट्यांत ती हरवू शकते, अरुंद पट्ट्यांत ती पकडता येते. डोळ्यांच्या आधी कळते, या दाव्यामागे हे शास्त्र आहे आणि ते खोटे नाही. लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे झाले होते. असे रंगद्रव्य ओळखणे हे या तंत्राचे अगदी घरचे काम आहे.

आता दुसरी बाजू. एका पायलीतले धान्य तेरा घरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला शिधा येतो, दोनशे घरांत वाटले तर मूठभरच येते. प्रकाशाचेही तसेच आहे. पट्टे वाढवले की प्रत्येक पट्ट्यात येणारा प्रकाश कमी होतो आणि खऱ्या संकेतात खरखर मिसळते. ती टाळायची तर जमिनीवरची चौकट मोठी घ्यावी लागते. अमेरिकेच्या ‘हायपेरियन’पासून (२०००) आपल्या इस्रोच्या ‘हायसिस’पर्यंत (नोव्हेंबर २०१८), इटलीच्या ‘प्रिस्मा’पासून (२०१९) जर्मनीच्या ‘एनमॅप’पर्यंत (२०२२) आणि आताच्या टॅनेजरमध्येही चौकट ३० मीटरची आहे, त्याचे मुख्य कारण हेच. फायरफ्लायने ती पाच मीटरवर आणली, ही मोठी मजल आहे. मात्र त्यासाठी त्यांनी ४७० ते ९०० नॅनोमीटर एवढाच भाग घेतला आहे. त्यात १३५ हून अधिक पट्टे आहेत, पण ९०० च्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा लघुतरंग अवरक्त भाग त्यात नाही.

हे गुंठ्यांत मोजले तर लगेच लक्षात येईल. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. ३० मीटरची एक चौकट म्हणजे जवळपास नऊ गुंठे आणि पाच मीटरची चौकट म्हणजे पाव गुंठा. आपले तीन एकर चौरस असतील तर ३० मीटरच्या चार ते नऊ चौकटी पूर्णपणे आपल्या वावरात बसतील. परंतु भाऊहिस्से होऊन वावर ४० मीटर रुंद आणि ३०० मीटर लांब अशी पट्टी झाली असेल, आणि आपल्याकडे तसे बहुधा झालेलेच असते, तर एकही चौकट निखळ आपली असेल याची खात्री नाही. तिच्यात धुऱ्यावरची बोर, शेजाऱ्याची तूर आणि मधली पांदण हे सर्व मिसळलेले असेल.

धागाकर्त्यांना एक विनंती आहे. त्या प्रतिनिधींकडे प्रतिमेची मूळ फाइल मागा आणि तिच्यात किती पट्टे आहेत व त्यांची नावे काय आहेत, ते येथे कळवा.

पूर्णाकाठ

मी अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात राहतो. खारेपणा उपग्रहातून कळतो, हे वाक्य वाचून मला थांबावे लागले. आमच्याकडील जमिनीचा दोष केवळ मिठाचा नाही, मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा आहे. पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते, उन्हाळ्यात दगडासारखी, आणि पाणी मुरत नाही. वरून मात्र ती शेजारच्या चांगल्या काळ्या जमिनीसारखीच काळी दिसते. असा सोडियम या यंत्राला दिसतो का? वर्णपट यांनी सांगावे.

वर्णपट

सोडियम स्वतः दिसत नाही. या तरंगलांबींच्या पट्ट्यात त्याची स्वतःची अशी शोषणाची खूण नसते. साध्या मिठाचीही नसते. पृष्ठभागावर पांढरा थर आला असेल तर तो दिसतो, आणि पीक ठिगळासारखे विरळ उगवले असेल तर तेही दिसते, पण ते अनुमान झाले. याउलट काळ्या मातीतील चिकणमातीची खूण २२०० नॅनोमीटरजवळ आणि चुनखडीची २३४० च्या आसपास स्पष्ट मिळते. पण या दोन्ही जागा ९०० च्या कितीतरी पुढे आहेत, म्हणून त्या ओळखायच्या तर एनमॅप, प्रिस्मा, टॅनेजर किंवा अंतराळ स्थानकावर २०२२ मध्ये बसवलेल्या ‘एमिट’ यंत्राचीच प्रतिमा हवी. एकच कंपनी एकाच प्रतिमेतून पाव गुंठ्याची चौकटही देते आणि चिकणमातीही ओळखते, असे कोणी सांगत असेल तर कोणता उपग्रह ते नाव विचारावे.

दारव्हा_कोरडवाहू

मी फाइल मागितली. दोन वेळा टाळाटाळ झाली, तिसऱ्या वेळी त्यांच्या कार्यालयातील एका मुलाने पाठवली. माझ्या पुतण्याने ती संगणकावर उघडली. तिच्यात तेरा पट्टे आहेत. नावे बी-१, बी-२ अशी आहेत, आणि बी-८ नंतर एक बी-८-ए असे निराळेच नाव आहे. आम्ही नकाशा मोठा करत गेलो तेव्हा शेवटी चौकोन दिसू लागले, आणि आमच्या गोदामाचे छप्पर साधारण तीन चौकोनांत मावले. गोदाम पावणेतीन गुंठ्यांवर आहे. याचा अर्थ काय?

वर्णपट

याचा अर्थ असा की आपल्याला दाखवलेली प्रतिमा हायपरस्पेक्ट्रल नाही. तेरा पट्टे, बी-८-ए हे नाव आणि दहा मीटरची, म्हणजे जवळपास नेमकी एका गुंठ्याची, चौकट ही युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची ओळख आहे. त्यातला पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात आणि त्यांच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. तणाव दाखवणारे जे लाल किनारीचे, म्हणजे वर सांगितलेल्या चढाजवळचे, पट्टे त्यात आहेत, त्यांची चौकट तर वीस मीटरची, म्हणजे चार गुंठ्यांची आहे.

येथे मी घाईने कोणाला लबाड म्हणणार नाही. फुकट मिळणाऱ्या प्रतिमेवर मेहनत करून, ढग काढून, गटवार नकाशा देऊन त्याचे पैसे घेणे हा सरळ धंदा आहे, आणि सेंटिनल-२ आपल्या कामाला पुष्कळ येतो. आक्षेप नावाला आहे. सरकी सांगून ढेप दिली तर ढेप वाईट ठरत नाही, पण भाव मात्र ढेपेचा लावावा लागतो.

खरी हायपरस्पेक्ट्रल प्रतिमा कशी असते हे पाहायचे असेल तर वायव्हर्नने २०२५ पासून काही प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. आपल्या पुतण्याला त्यातली एक उतरवून घ्यायला सांगा. एका चौकटीवर टिचकी मारली की सलग रेषा कशी येते ते दिसेल आणि पुन्हा कोणी फसवू शकणार नाही.

धुऱ्यावरचा

गोदामाचे छप्पर मोजण्याची युक्ती आवडली. वीस वर्षांत कोणाच्या लॅपटॉपला असा प्रश्न विचारण्याचे सुचले नाही.

बोंडसापळा

मी कृषी सेवेत आहे आणि कापसाच्या किडींचेच काम करतो, म्हणून बोंडअळीबद्दलच लिहितो. २०१७ चा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर वरचे छिद्र बुजते आणि बाहेरून बोंड हिरवेगार, टणक राहते. झाड हिरवे, पाने हिरवी, आत सरकी पोखरलेली. उपग्रह वरून पानांचा शेंडा पाहतो. त्याला बंद बोंडाच्या आतली अळी दिसणार नाही. पट्टे शंभर असोत की चारशे, त्याने यात फरक पडत नाही. फुलाच्या अवस्थेतील डोमकळीसुद्धा (अळीने पाकळ्या जुळवून बंद ठेवलेले फूल) पाच मीटरच्या चौकटीत हरवते. यासाठी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळाच लावावा लागतो, आणि सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ पतंग आले की उपाय सुरू करावा लागतो. या सापळ्याला फार पैसे लागत नाहीत. रोज सकाळी जाऊन पतंग मोजणारा माणूस मात्र लागतो.

पिवळ्या मोझॅकबद्दल मी इतका नकार देणार नाही, पण तेथेही गोम आहे. सोयाबीन पिवळे पडण्याची आमच्याकडे किमान चार कारणे आहेत. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही तेव्हा नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तेव्हा खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, आणि ती वरच्या पानांखाली झाकलेली असतात, म्हणून वरून दिसायला उशीर लागतो. वाफसा नसेल, पाणी साचले असेल तर सखल भागात सगळेच पिवळे दिसते. पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक मात्र पानावर हिरवे-पिवळे ठिपके-पट्टे घेऊन येतो. माणूस वाकून एक पान हातात घेतो आणि क्षणात सांगतो. उपग्रहाला ‘या ठिकाणी हरितद्रव्य घटले’ एवढेच नक्की सांगता येते. कारण सांगायचे तर त्याला आधी त्याच भागातील, त्याच वाणाची, त्याच अवस्थेतील शेकडो खात्रीची उदाहरणे शिकवावी लागतात. मराठवाड्यातील किंवा परदेशातील उदाहरणांवर शिकलेली प्रणाली आमच्या शिवारात किती बरोबर येईल, हे पडताळल्याशिवाय मी कोणाला फवारणीचा सल्ला देणार नाही.

मोर्शी_बागाईत

मी संत्रा उत्पादक आहे. आमच्या घरी बागेचा व्यवहार मीच पाहते. येथील चर्चा कोरडवाहू पिकांभोवती फिरते आहे म्हणून आमच्या बाजूने दोन गोष्टी मांडते.

संत्र्याची झाडे आमच्याकडे सहा मीटर अंतराने लावलेली असतात. म्हणजे पाच मीटरची चौकट आणि झाडाचा घेर जवळपास सारखा आहे. वर्णपट काका म्हणतील की चौकट बरोबर झाडावरच बसेल असे नाही, अर्धी मातीवर येईल, आणि ते खरे आहे. तरीही झाडे पंधरा-वीस वर्षे त्याच जागी असतात. सोयाबीनसारखे दरवर्षी सगळे नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे यंदाची प्रतिमा गेल्या वर्षीच्या त्याच झाडाशी ताडून पाहता येते. दुसरे असे की आंबिया बहारासाठी आम्ही डिसेंबर-जानेवारीत बागेला ताण देतो, म्हणजे फुले यावीत म्हणून पाणी तोडतो, आणि त्या काळात आकाश स्वच्छ असते. ताण किती बसला, कोठे कमी, कोठे जास्त, हे आज आम्ही पाने किती मलूल झाली आणि किती गळाली यावरून ठरवतो. हलक्या जमिनीच्या कोपऱ्यातील झाडे ताण सोडण्याची वेळ येण्याआधीच वाळायला लागतात, आणि भारी जमिनीतील झाडांना ताणच बसलेला नसतो. गेल्या वर्षी आमच्या बागेत वरच्या चार ओळींना फुले लागली आणि नाल्याकडच्या ओळी नुसत्या पालवल्या. हे जानेवारीत नकाशावर दिसले असते तर पाणी दोन वेळा निरनिराळे सोडता आले असते. या एका कामासाठी मी पैसे देईन.

डिंक्यासाठी देणार नाही. तो रोग मुळाशी आणि बुंध्याशी आधी लागतो, वरचा घेर पिवळा पडेपर्यंत झाड अर्धे गेलेले असते. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावताना हात फिरवला की डिंक हाताला लागतो, त्यापेक्षा लवकर ते कोणाला कळत नाही.

वर्णपट

ताईंचे म्हणणे मला या धाग्यातील सर्वांत व्यवहार्य वाटते. बहुवार्षिक पीक, निरभ्र महिने आणि ठरलेला एक प्रश्न, या तीनही गोष्टी एकत्र क्वचितच येतात. एवढेच जोडतो की पाण्याची थेट खूण लघुतरंग अवरक्तात असते, ९०० पर्यंतच्या पट्ट्यांत ताण हा हरितद्रव्याच्या आणि पानांच्या रचनेच्या बदलातून कळेल. म्हणजे थोडा उशिरा, पण कळेल.

धानपट्टा

गोंदियाहून लिहितो. ढगांचा मुद्दा कोणीच कसा काढला नाही याचे आश्चर्य वाटले. सोयाबीनला मोझॅक लागतो ऑगस्टमध्ये, आमच्या धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, आणि या काळात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. हायपरस्पेक्ट्रल यंत्र परावर्तित सूर्यप्रकाशावर चालते. ढगाखाली ते आंधळे आहे. आठ दिवस आधी इशारा देणार म्हणतात, आणि त्या आठ दिवसांत एकही स्वच्छ प्रतिमा मिळणार नाही. ढगांतून पाहायचे तर रडारच पाहिजे. इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो आणि त्याला ढगांची अडचण नाही. धान चिखलात उभे आहे की नाही, एवढे रडार चांगले सांगते. त्याला वर्णपट मात्र नसतो.

विम्याबद्दलही सांगतो. केंद्राच्या पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात व गव्हासाठी तंत्रज्ञानावर आधारित उत्पादन-अंदाजाला किमान ३० टक्के भार दिला आहे, आणि खरीप २०२४ पासून त्यात सोयाबीन आले. त्यामुळे आपण प्रतिमा विकत घ्या अगर घेऊ नका, आपल्या वावराचा अंदाज आकाशातून होणारच आहे.

वणी_शिवार

आमचा प्रश्न निराळा आहे, पण विषयाला धरून आहे. आमचे वावर एका खाणीच्या रस्त्याला लागून आहे. जानेवारीपर्यंत कापसाच्या पानावर काळा थर बसतो, वेचलेला कापूस काळपट निघतो आणि जिनिंगवाले भाव पाडतात. अर्ज केला की ‘धूळ मर्यादेत आहे’ असे उत्तर येते. टॅनेजरने कराचीच्या कचरा डेपोतून निघणारा मिथेन आणि दक्षिण आफ्रिकेतील केंडाल वीजकेंद्राचा कार्बन डायऑक्साइड २०२४ मध्ये टिपला, असे वाचले. वायू टिपता येतो तर पानावरची कोळशाची धूळ टिपता येणार नाही का? ती प्रतिमा पुरावा म्हणून चालेल का?

वर्णपट

वायूची गोष्ट सोपी आहे, कारण मिथेनची लघुतरंग अवरक्तात ठसठशीत, स्वतःची खूण असते. कोळशाला अशी तीक्ष्ण खूण नाही. तो सर्वच तरंगलांबींवर परावर्तन खाली दाबतो, विशेषतः हिरव्या पानाचे अवरक्तातील उंच परावर्तन कमी होते. त्यामुळे रस्त्यापासून जसजसे दूर जावे तसतसे परावर्तन वाढत गेले, असे एकाच वाणाच्या, एकाच तारखेच्या पेऱ्यावर दाखवता आले तर ती मजबूत गोष्ट होईल. पावसाच्या आधीची आणि पाने धुतली गेल्यानंतरची अशा दोन प्रतिमा मिळाल्या तर अधिकच मजबूत. हे मात्र दहा मीटरच्या फुकट प्रतिमांतूनही बऱ्याच अंशी होईल, हायपरस्पेक्ट्रलसाठी थांबू नका. सोबत रस्त्यापासून ठरावीक अंतरावरची पाने तोडून, धुऊन, धुळीचे वजन काढून पंचनाम्यात नोंदवा. प्रतिमा एकटी उभी राहणार नाही.

अडतीबाहेर

मी हिंगणघाटच्या बाजारात बरीच वर्षे अडत्याकडे दिवाणजी होतो. तुमची सगळी चर्चा प्रतिमा खरी की खोटी यावर आहे. मी विचारतो, ती खरी असेल तर पुढे काय?

या कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक शेतकरी नाही. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रह खात्याने मार्च २०२३ मध्ये हायपरस्पेक्ट्रलसाठी सहा कंपन्यांशी करार केले, त्यांत पिक्सेल, प्लॅनेट आणि ऑर्बिटल साइडकिकही आहेत. बाकी तेल आहे, खाणी आहेत, विमा आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये इन-स्पेस या केंद्राच्या अंतराळविषयक संस्थेने पिक्सेल, पिअरसाइट, सॅटशुअर आणि ध्रुव स्पेस यांच्या गटाला बारा उपग्रहांच्या मालिकेसाठी निवडले, आणि त्यात बाराशे कोटींहून अधिक गुंतवणूक होणार आहे. एवढा पैसा एकरी शेपन्नास रुपयांच्या आशेवर लागत नाही. तो लागतो कारण सप्टेंबरातच कोणत्या तालुक्यात कापूस किती येणार हे ज्याला आधी कळेल, तो भाव आधी ठरवेल. आमच्या काळी अडत्या हेच काम चार गावांत मोटारसायकल फिरवून करीत असे. बोंडे मोजायचा, चहा प्यायचा, आणि संध्याकाळी शेटजीला आकडा सांगायचा. शेतकऱ्याला तो आकडा कधी कळला नाही.

म्हणून करार केलाच तर त्यात एवढे लिहून घ्या की आपल्या सभासदांच्या गटांची माहिती, म्हणजे सातबाऱ्याचे क्रमांक, पेऱ्याच्या तारखा आणि प्रत्यक्ष निघालेले उत्पादन, तिसऱ्या कोणाला विकली जाणार नाही. प्रतिमा तर ते वरून केव्हाही घेऊ शकतात. त्यांच्याकडे नसते ते हेच, बोंडसापळा यांनी म्हटलेली खात्रीची उदाहरणे. ती तुम्ही त्यांना फुकट देणार आणि वर एकरी पैसेही देणार, हा उलटा व्यवहार आहे.

दारव्हा_कोरडवाहू

या प्रतिसादाने माझा प्रश्नच बदलला, हे प्रांजळपणे कबूल करतो. त्या प्रतिनिधींनी कराराच्या मसुद्यासोबत एक कोरा तक्ता दिला होता. सभासदाचे नाव, गट क्रमांक, वाण, पेऱ्याची तारीख, खताच्या मात्रा, फवारण्या आणि एकरी उत्पादन असे त्यात रकाने आहेत. तो भरून दिला तर ‘सेवा अधिक अचूक होईल’ असे खाली लिहिले आहे. मी तो तक्ता कार्यालयीन उपचार समजून बाजूला ठेवला होता.

काल संचालकांची बैठक झाली. खरिपाची सेवा घ्यायची नाही, असे ठरले. ढग, मिश्र पीक आणि बोंडअळी हे तीनही मुद्दे सर्वांना पटले. तुरीचा मुद्दा मी जोडला. आमच्याकडे कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास असते, म्हणून पाव गुंठ्याच्या चौकटीतही दोन पिके येणारच. तो तक्ता मात्र आम्ही आमच्यासाठीच भरणार आहोत आणि आमच्याच संगणकात ठेवणार आहोत.

एक गोष्ट करून पाहण्याची इच्छा आहे. पऱ्हाट्या उपटून, नांगरटी होऊन एप्रिलमध्ये आमचे सर्व शिवार उघडे पडते. आकाशात ढग नसतात, पीक नसते, नुसती माती असते. वर्णपट यांनी सांगितलेली चिकणमातीची आणि चुनखडीची खूण पाहायला हा काळ बरा नाही का? चुनखडी कोठे आहे हे कळले तर पिवळे पडणाऱ्या सोयाबीनचा निम्मा उलगडा तेथेच होईल.

वर्णपट

बरा नव्हे, वर्षातील सर्वांत चांगला काळ तोच आहे. आणि त्यासाठी कोणाला एकरी दर देण्याची गरज नाही. एमिटची माहिती खुली आहे, आणि एनमॅप व प्रिस्मा यांच्या प्रतिमा नोंदणी करून अभ्यासासाठी मिळतात. चौकट मोठी असली तरी वावरावावरातला फरक सोडून शिवाराचा पट्टा पाहायचा असल्यामुळे चालेल. दोन काळज्या घ्या. धसकटे आणि पऱ्हाट्यांचा कचरा पसरलेला असेल तर वाळलेल्या काडीची खूण २१०० नॅनोमीटरजवळ येते आणि मातीच्या खुणेला भिडते, म्हणून कोणती वावरे स्वच्छ नांगरली आहेत ते तारखेसह लिहून ठेवा. दुसरे, वीस-पंचवीस वावरांतून वरच्या दोन बोटांच्या थरातील मातीचे नमुने घेऊन सामू, मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब तपासून घ्या. प्रतिमा मी लावून देईन.

आणखी एक. प्रतिमा तपासायला गावात एक अशी मोठी, सपाट जागा हवी जिचा रंग बदलत नाही. शक्यतो नव्वद मीटर लांबी-रुंदीची.

दारव्हा_कोरडवाहू

शाळेचे पटांगण लहान पडेल. गावाबाहेरच्या जिनिंगचे सिमेंटचे अंगण आहे, ते पावलांनी मोजून कळवतो. फक्त डिसेंबरात ते कापसाने पांढरे असते.

वर्णपट

एप्रिलपर्यंत गंज्या उचलल्या जातात ना, एवढे मालकांना विचारून ठेवा.

पूर्णाकाठ

आमच्याकडील दोन वावरेही यात घ्यावीत. नमुन्यांसोबत विहिरीचे पाणीही तपासून आणतो.